मोळं आणि दुसरं

२८ नोव्हेंबर

नोकरीत होतो तोवर रोज अहवाल लिहिला, तो साहेबासाठी. ही वही माझ्यासाठी. हिच्यात कुणी शेरा मारणार नाही, तेव्हा मनात येईल ते लिहीन.

आज केयूरभाई मकरपुऱ्याहून स्कूटरवर घरी आले. जीआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना आहे. आजवर डासांच्या अगरबत्त्या करायचे, आता उंदरांचं नवं औषध काढलंय. म्हणाले, "काका, पिंजऱ्यातले उंदीर तर जे आपो ते खाय, द्याल ते! मला घरातले पाहिजेत, शिकलेले." मी सरकारी धान्यगोदामांत हयात घालवली. शिकलेला उंदीर काय चीज असते ते मला विचारा! नवी वस्तू दिसली की ढुंकून बघणार नाही, आणि एकदा भरवसा बसला की पोती फाडून संसार मांडेल. आमच्या बडोद्याच्या अकोट्यात गेल्या वर्षी विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हापासून तर टेनामेंटच्या रांगेतल्या एकेका घरात यांची बिऱ्हाडं आहेत. मी हो म्हटलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं, हेही खरं.

निहार म्हणाला, "बाबा, घरात कशाला ही भानगड?" चिरंजीव रिफायनरीत शिफ्टला, घरी येतात ते झोपायला. त्यांना काय विचारायचं?

सूनबाईंनी मात्र वेगळीच हरकत घेतली. कोमल करजणची, गुजराती. लग्नानंतर मराठी फक्कड शिकली, फक्त चहाला अजून बाई करते. "बाबा, चहा झाली." मी औषधाचा 'औ' काढला तशी ओठावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, ते नाव घरात नाही घ्यायचं. मामा ऐकतात."

मी बघतच राहिलो. आमची कमला जाऊन सहा वर्षं झाली, तीही अस्सं म्हणायची. उंदराला मामा म्हणायचं, आणि मारायचं काही ठेवायचं असेल तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. नाहीतर ते ऐकतात आणि रागानं साड्या कुरतडतात. या एका बाबतीत महाराष्ट्र आणि गुजरात अजून एकच राज्य आहे.

शेवटी तह झाला. अळणी, सपक खाण्याला बडोद्यात आम्हीसुद्धा गुजरात्यांसारखं 'मोळं' म्हणतो. तेव्हा बिनऔषधाचं ते मोळं. आणि औषधाचं ते नुसतं 'दुसरं'. कोमल खूश.

३० नोव्हेंबर

रीत साधी आहे. आधी काही दिवस मोळं ठेवायचं आणि रोज किती संपलं ते तोलायचं. मामा निर्धास्त झाले की त्याच जागी, त्याच वाटीत, त्याच वासाचं दुसरं ठेवायचं. मग पुन्हा मोळं. पहिल्यापेक्षा ते जितकं कमी संपेल, तितके मामा गेले.

सकाळी गव्हाचा भरडा खरपूस भाजला, त्यात शेंगदाण्याचं तेल आणि किसलेला गूळ घातला. कोमल हल्ली स्वयंपाकघरात टिकत नाही, फोडणी पडली की नाकाला ओढणी लावून बाहेर पळते. आज आपण होऊन आत आली. "काय छान वास आली, बाबा!" मी म्हटलं, "आला. वास पुरुष आहे." तिनं चिमूटभर उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "खा हो, मोळंच आहे. गूळपापडीची गरीब बहीण." तर चिमटीवर चिमटी, वाटीभर खाल्लं! किती दिवसांनी तिला असं चवीनं खाताना बघितलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये चौथ्या महिन्यात तिच्या पोटातलं पोर गेलं. तेव्हापासून ही मुलगी घरात पाहुणी असल्यासारखी हळू वावरते. त्या गोष्टीचा शब्द आमच्याकडं निघत नाही. निहार काढत नाही, मी काढत नाही. आपण बोललो आणि तिला लागलं तर? माझा भारी जीव आहे तिच्यावर. पण सासऱ्यानं ते बोलून कसं दाखवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

उरलेलं मोळं स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून कोठीच्या खोलीत ठेवलं. वाट्या ओट्याखाली, जिन्याखाली आणि मागच्या चोकडीत, जिथं भांडी घासतात तिथं. भोवती रांगोळी चाळून पसरली, म्हणजे पावलं उमटतात.

२ डिसेंबर

वा! रांगोळीवर पावलंच पावलं. जिन्याखाली तर लग्नाची पंगत उठून गेलेली दिसते. चोकडीत अजून बिचकतायत.

करजणहून व्याह्यांनी पोंक पाठवला. कोवळ्या ज्वारीचा तो हिरवागार पोंक म्हणजे कोमलचा जीव की प्राण. आज हातसुद्धा लावला नाही. "तुम्ही खा, बाबा." मी दोन दिवसांचा एका बैठकीत संपवला. चहाही सोडलाय तिनं. माझ्यापुढं कप ठेवते आणि मान वळवते. चहापत्तीचा छाप बदलायला हवा.

भिंतीपलीकडच्या मंदाताई गच्चीवरून म्हणाल्या, "दीनानाथराव, सुनेकडे लक्ष आहे का?" जन्मभर नर्स होत्या, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस त्यांना पेशंट दिसतो. मी म्हटलं, "सध्या मामांकडे आहे." कपाळावर हात मारून घेतला आणि खाली गेल्या. काय म्हणायचं होतं देव जाणे.

४ डिसेंबर

चोरी!

डब्यातलं मोळं कमी झालंय. वाट्यांत घातलं ते वजा जाता पुष्कळ कमी. दुसऱ्यांदा तोललं, तरी तेच. म्हणजे मामा थेट कोठारावर घाला घालतायत. पण डब्याचं झाकण घट्ट लावलेलं! सबंध नोकरीत मी नाना तऱ्हेचे उंदीर पाहिले, पण खाऊन झाल्यावर झाकण लावून जाणारा हा पहिलाच. चांगल्या घरचा दिसतो.

निहारला विचारलं, "तू खातोस का?" तो म्हणाला, "बाबा, मी उंदराचं खाईन?" कोमलला विचारायचा प्रश्नच नाही. ती जेवतच नाही धड.

५ डिसेंबर

काल डब्याभोवती रांगोळी घातली होती. सकाळी एकही पाऊल नाही. मोळं मात्र पुन्हा कमी. उडी मारून येत असणार. बाजूला तेलाचं पिंप आहे, त्यावरून. पण मग झाकण?

डोकं नुसतं भणभणलं. तेवढ्यात कोमल दाराशी टेकून उभी राहिली, चेहरा उतरलेला. म्हणाली, "बाबा, मला मोळ येते." मी म्हटलं, "येते काय, संपतंय! उद्या आणखी भाजतो." ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली आणि मग खुदकन हसली. हसता हसता तोंडावर हात दाबून बेसिनकडं पळाली. आजकालची मुलं हसतातसुद्धा धावपळीत.

उद्या खरंच जास्त करतो. तिलाही आवडतं ते.

७ डिसेंबर

चोकडीतले मामाही वळले. आता रोज सगळ्या वाट्या सारख्याच रिकाम्या होतात. झाली तयारी. केयूरभाईंना फोन केला, उद्यापासून दुसरं.

कोमल संध्याकाळी दारापुढच्या ओटल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, एखादी गोष्ट लवकर सांगितली की बगडते ने?" मी म्हटलं, "कुठली गोष्ट?" "कुठलीपण." मी म्हटलं, "आंबा आढीतून लवकर काढला की बिघडतो, तसं असेल." तिला उत्तर पटलेलं दिसलं. मला मात्र प्रश्न कळला नाही.

८ डिसेंबर, सकाळ

डब्यातलं उरलंसुरलं मोळं काढून वाट्यांपुरतं वापरून टाकलं आणि त्याच डब्यात दुसरं भरलं. डबा मुद्दाम धुतला नाही. नव्या डब्याला नवा वास, नव्या वासाला मामा बिचकतात. ताजा भरडा, गूळ, तेल, आणि त्यात केयूरभाईंची पांढरी भुकटी. बाजारातल्या मालाला रंग घालतात, चाचणीच्या मालाला घातलेला नाही. हातमोजे घालून कालवलं. वास आणि रंग दोन्ही हुबेहूब मोळ्याचे. मलाच ओळखू आलं नसतं.

गोदामात औषध मारलेल्या थप्पीला आम्ही लाल दोरी बांधायचो. कुणी निरक्षर हमाल असला तरी लाल दोरी बघून लांब राहायचा. घरात लाल दोरी कुठली? देवघराच्या खणात पूजेची लाल दोऱ्याची नाडाछडी होती, तीच डब्याला दोन वेढे देऊन बांधली.

कोमल दारात उभी राहून बघत होती. तोंडानं बोलायचं नाही असा तह, म्हणून मी नुसतं डब्याकडं बोट दाखवलं. "दोरा बांधलाय. कळलं ना?"

तिचे डोळे एकदम भरून आले. "कळलं, बाबा." आणि वाकून माझ्या पाया पडली! आज काय तिथी आहे कोण जाणे. मी आपलं 'सुखी राहा, औक्षवंत हो' म्हटलं. मामांची इतकी दया येत असेल असं वाटलं नव्हतं. पोरगी मनानं फार हळवी आहे.

वाट्यांतलं मोळं आज संपू दे, दुसरं उद्या घालीन. आता मकरपुऱ्याला जातो, केयूरभाईंना आकडे दाखवायला. दुपारी जेवायला घरी.

९ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. 

काल दुपारी घरी आलो तर दारात रांगोळी. कोमल कमलाची अंजिरी साडी नेसली होती. निहार शिफ्ट बदलून घरी. मंदाताई सोफ्यावर. मी आत पाऊल टाकलं तशा म्हणाल्या, "या, आजोबा, या!" मला वाटलं माझ्या वयाची चेष्टा करतायत. मीही म्हटलं, "या, आजीबाई."

देवघरापुढं ताटात लाडू मांडले होते. छोटे छोटे, एकसारखे. एक कमलाच्या फोटोपुढं. निहारच्या हातात एक, मंदाताईंच्या बशीत एक. कोमल वाटीत एक लाडू घेऊन माझ्यापुढं आली. "बाबा, नैवेद्य झाला. मी कुणाला तोंडाला लावू दिलं नाही. आधी तुम्ही मला तुमच्या हातानं भरवायचा. मग सगळ्यांनी."

मी म्हटलं, "लाडू कशाचे गं?"

"तुमच्या डब्याचे."

मला पुढचं नीट आठवत नाही. वाटी मी उडवली हे नक्की, कारण ती टीव्हीवर आपटली. निहारच्या हातावर इतक्या जोरानं मारलं की अजून त्याच्या मनगटावर वळ आहे. आणि मी ओरडत होतो. "विष आहे! विष, कोमल, विष आहे त्यात!" ज्या घरात कमलानं तो शब्द कधी काढू दिला नाही, त्या घरात, तिच्या फोटोसमोर, मी तो पुन्हा पुन्हा ओरडलो. पलीकडच्या रांगेतून माणसं बाहेर आली.

कोमल पांढरीफटक. "पण बाबा, तुम्ही नाडाछडी बांधली ने!"

"म्हणूनच बांधली! लाल दोरा म्हणजे हात लावायचा नाही!"

"आमच्यात दिवस गेलेल्या बाईला रक्षेचा लाल दोरा बांधतात," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मला वाटलं, मोळं कोण खातंय ते तुम्हाला कळलं. आणि तोंडानं न बोलता सांगताय की, खा."

मला काही म्हणता काही कळेना. दिवस गेलेली बाई. मी निहारकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मंदाताई म्हणाल्या, "तिसरा महिना लागलाय, दीनानाथराव. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पोरीला मोळ येते म्हणजे मळमळतं हो, मळमळतं. गुजरातीत त्याला मोळच म्हणतात. जन्म बडोद्यात गेला ना तुमचा?"

पण त्या बोलत होत्या ते चालता चालता. तोवर त्यांनी कोमलला बेसिनशी नेऊन तिचे हात साबणानं कोपरापर्यंत धुवायला लावले होते. नखांतसुद्धा. "वळताना बोट चाटलंस? खरं सांग."

"आठवत नाही, मावशी. सवय आहे ने. रोज डब्यातून खायची, मग बोट चाटायची आणि झाकण लावायची. आज नैवेद्याचं होतं म्हणून नसेल चाटलं. पण आठवत नाही." आणि मग माझ्याकडं बघून, "बाबा, मला खरंच आठवत नाही."

रिक्षात ती मध्ये, एका बाजूला निहार, एका बाजूला मी. मंदाताई मागून दुसऱ्या रिक्षात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. मी औषधाची पुडी बरोबर नेली होती, ती त्यांनी वाचली. म्हणाल्या, हे रक्त पातळ करतं, पण लगेच दिसत नाही. आज रक्त तपासू, तीन दिवसांनी पुन्हा तपासू. पोटात गेलं असेल तर तेव्हाच्या रक्ताला गोठायला उशीर लागेल. उतारा आहे, घाबरू नका. मी विचारलं, "आणि बाळ?" त्या म्हणाल्या, "तेव्हाच बोलू."

मी आयुष्यभर लोकांना दम देत आलो, औषधाला कुलूप लावा. आणि माझ्याच घरात नाडाछडी बांधून मोकळा झालो. मूर्ख म्हातारा!

१० डिसेंबर

निहार माझ्याशी बोलत नाही. बोलू नयेच. सकाळी कामावर गेला नाही, तिच्या खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसलाय. मी चहा नेऊन दिला तर घेतला, पण मान वर केली नाही.

सगळे लाडू, डबा, वाट्या, उरलेली भुकटी, झाडून सगळं गोणीत भरून गाठ मारली आणि केयूरभाईंना बोलावून परत केलं. ते हळहळले. "काका, हवे तो दवा मूकवानीज बाकी हती, वाट्यांत ठेवायची तेवढी. रिझल्ट आलाच असता." मी म्हटलं, "रिझल्ट उद्या यायचाय." ते गोणी घेऊन गेले. स्वभावानं चांगला माणूस आहे.

चोकडीत भांडी घासताना एक मामा भिंतीवरून निवांत गेला. मी त्याला जाऊ दिलं.

दुपारी कोमलनं हाक मारली. पलंगावर पडून होती. म्हणाली, "बाबा, हिरड्यांतून रक्त आलं तर सांगायचं म्हणाल्या डॉक्टर. तुम्ही बघा ने. निहार बघतो तर त्याचे हातच कापतात." मी चष्मा लावला, टॉर्च धरला. गुलाबी, निरोगी हिरड्या. मी म्हटलं, "काही नाही, बेटा." मग तिनं घटकेघटकेला बघायला लावलं आणि मी बघत राहिलो. आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही आज. मधेच म्हणाली, "तुम्ही जेवलात?" मला रडू कोसळलं. तिच्यासमोरच. तिनं उशीखालून रुमाल काढून दिला.

मंदाताईंनी खिचडी पाठवली. फोडणी नसलेली, त्यांना सगळं कळतं.

देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

११ डिसेंबर

सकाळी रक्त दिलं. संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर मी आणि निहार शेजारी शेजारी. तो अखेर बोलला. "बाबा, मला आधी माहीत होतं. तिनं शपथ घातली होती. मागच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले, आणि मग... ती म्हणते, नाव घेतलं म्हणून गेलं." मी म्हटलं, "आपण दोघं तरी बोलायला हवं होतं, रे." तो म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही बोलाल." मला वाटायचं तो बोलेल.

मग त्यानं मनगटावरचा वळ मला दाखवला. "चांगलाच हाणलात." आणि हसला. मी तो वळ बराच वेळ चोळत बसलो, जणू त्यानं काही होणार होतं.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. रक्त अगदी नेहमीसारखं गोठतंय. औषध पोटात गेलेलं नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत. मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "नक्की, आजोबा." या वेळी मला तो शब्द कळला.

१२ डिसेंबर

आज घरी सगळं शांत. सकाळी भरडा भाजला, नवीन कढईत, नवीन डब्यात. कोमलच्या खोलीत नेऊन ठेवला. मी म्हटलं, "हे मोळं. यात गहू, गूळ आणि तेल आहे, आणखी काही नाही. यापुढं या घरात जी वस्तू असेल तिचं नाव घ्यायचं. मामांनी ऐकलं तर ऐकू देत, कपाटातल्या सगळ्या साड्या खाऊ देत."

ती हसली. पण खाल्लं नाही. डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. मला वाटलं, आता उठावं. पण कालचं बाकावरचं आठवलं आणि मी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलो. म्हटलं, "कोमल, मला भीती वाटते. या खेपेचीही वाटते. गेल्या खेपेला काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून मी बोललो नाही. मला ते पोर हवं होतं गं. मी रोज त्याची आठवण काढतो."

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मी."

निहार शिफ्टचे कपडे घालून दारात येऊन थांबला होता, त्याच्याकडं आमचं लक्ष गेलं नाही. कोमल म्हणाली, "मुलगा की मुलगी, ते मला कुणी सांगितलं नाही, बाबा. मी आपलं मनातल्या मनात नाव ठेवलं होतं. कुणाला बोलले नाही. निहारलापण नाही."

मी विचारलं, "काय ठेवलं होतंस?"

"विहंग."

मी म्हटलं, "विहंग."

तिनं डोळे मिटून घेतले. "परत म्हणा ने, बाबा."

मी परत म्हटलं. मग दारातून निहारनं म्हटलं. तो आत येऊन तिच्या पायाशी बसला, आणि आम्ही तिघं खूप रडलो. नंतर तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि आधी त्याला दिलं, मग मला, मग स्वतः घेतलं.